दुपारी तीननंतर माणूस बंद पडतो – ताकदीसाठी नेमकं काय घ्यावं?

धोटा_सोलापूर | मंगळवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ४४. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. सकाळी साडेनऊला जातो, दीडला डबा खातो आणि तीनच्या सुमाराला माणूस बंद. डोळे उघडे असतात, पण समोरचा आकडा दोनदा वाचला तरी डोक्यात शिरत नाही. परवा एका पार्टीच्या बिलात ४८० डझनाचे ४८ डझन केले. मालक चांगले म्हणून हसण्यावारी नेलं. घरी आलो की सोफ्यावर जो आडवा होतो तो जेवायलाच उठतो.

आत्तापर्यंत केलेले उद्योग: मल्टिव्हिटॅमिन तीन महिने (लघवी पिवळीधमक झाली, बाकी काही नाही). मित्राने गळ्यात मारलेली प्रोटीन पावडर, २,४०० रुपये, चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. च्यवनप्राश. आणि गेल्या महिन्यात एके ठिकाणी 'ताकदीचं सलाईन' लावून घेतलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खाणं घरचं, शाकाहारी. भाकरी, शेंगा चटणी, आमटी. चहाशिवाय व्यसन नाही. चहा मोजत नाही, सात-आठ होत असतील.

प्रश्न सरळ आहे. कुठली गोळी किंवा पावडर घेतली तर फरक पडेल? स्वतःचे अनुभव सांगा. 'व्यायाम करा, लवकर झोपा' हे मला माहीत आहे, ते नको.

कडक_भाकर | रात्री ९:५०

मी पयला!

मालक, आधी हे सांगा की भाकरी कडक खाता का मऊ? कडक असेल तर ती चावण्यातच निम्मी ताकद जाते.

पुणेरी_पाटी | रात्री ९:५८

आमच्याकडे या आजारावर फार जुना उपाय आहे. १ ते ४ बंद.

कडक_भाकर | रात्री १०:०१

लई हुशार लोक बे तुम्ही. माणूस बंद पडायच्या आधी दुकानच बंद.

जिमवाला_बब्या | रात्री १०:१५

अण्णा, पावडरला नावं ठेवू नका, ती घ्यायची पद्धत असते. साधा हिशेब करा, तुमचा तर धंदाच तो. वजन ७० किलो धरलं तर दिवसाला ५८-६० ग्रॅम प्रोटीन पाहिजे. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम असतं हे खरं, पण चटणी आपण चमच्याने खातो. चमचाभर चटणीत तीन-चार ग्रॅम. दोन भाकऱ्यांचे दहा-बारा. आमटी आमच्या घरी असते तशी असेल तर तिच्यात डाळ शोधावी लागते. दुपारच्या डब्यात पंधरा-वीस ग्रॅमच्या वर काही जात नाही. तीनला झोप येणार नाही तर काय होणार?

पावडर नको तर डब्यात मटकीची उसळ आणि वाटीभर घट्ट दही न्या. पावडर मला द्या.

गुळवेल | रात्री १०:४०

अश्वगंधा चूर्ण, रात्री दुधातून. मी दोन वर्षं घेतोय, घोड्यासारखा फिरतो.

रात्रपाळी | रात्री ११:२०

मेडिसिनचा डॉक्टर आहे. इथे औषध लिहून देणार नाही, हे आधीच सांगतो.

गुळवेल, तुम्हाला मानवलं हे चांगलंच. पण अश्वगंधेने यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत आणि थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी तर ती विचारल्याशिवाय घेऊच नये. 'झाडपाला आहे, काय होणार' असं म्हणायचं असेल तर धोतराही झाडच आहे.

धोटा, सलाईनबद्दल. त्यात बहुतेक वेळा ५ टक्के डेक्स्ट्रोज असतं. ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. कॅलरी शंभराच्या आत. सोबत पिवळं बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन सोडतात, त्यामुळे औषध असल्यासारखं दिसतं. दोन दिवस बरं वाटलं ते बहुतेक दीड तास पंख्याखाली निवांत पडून राहायला मिळालं म्हणून.

थकवा हे लक्षण आहे. कुठली गोळी, हे मागाहून. आधी तपासण्या: हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी). आणि सध्या कुठली औषधं चालू आहेत? सगळी सांगा, अगदी 'ती नेहमीचीच' वाटणारीसुद्धा.

सांगोलेकर | बुधवार, सकाळी ६:३०

डाळिंब खा की राव. सोलापूर जिल्ह्यात राहून थकवा कसला? आपल्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आहे. रोज एक डाळिंब, महिन्यात रक्त वाढतं. आमच्या घरी बाळंतिणीला हेच देतात.

रात्रपाळी | सकाळी ७:१०

सांगोलेकर, डाळिंब मलाही आवडतं. पण रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही. १०० ग्रॅम दाण्यांत लोह साधारण ०.३ मिलिग्रॅम. तेवढ्याच ज्वारीत जवळजवळ ४. म्हणजे तुमच्या शेजारच्या मंगळवेढ्याची ज्वारी तुमच्या डाळिंबाच्या दसपट पुढे आहे. बीटचंही तेच, नुसता रंग.

सांगोलेकर | सकाळी ७:२५

डॉक्टरसाहेब, डाळिंबाच्या बागेवर तेल्या रोग पडला तेव्हा पण इतकं वाईट वाटलं नव्हतं.

कडक_भाकर | सकाळी ७:२८

😂😂 धागा वाचनखूण साठवली.

पूर्वभाग | सकाळी ९:०५

धोटाभाऊ, तुम्ही ऑफिसात बसता म्हणून तीनपर्यंत तरी टिकता. आमच्या गल्लीत लूमवर बारा-बारा तासांची पाळी असते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीवाला सकाळी पत्र्याच्या खोलीत झोपायला येतो तेव्हा पत्रा तापायला लागलेला असतो. आता तर ऊन चाळिशीच्या घरात आहे. त्याला कुठली गोळी द्यायची? त्याची गोळी म्हणजे तंबाखू आणि दर दोन तासांनी अर्धा चहा. माझे वडील तीस वर्षं असेच जगले. झोप मोजायची असते हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

विषयांतर झालं, सोडून द्या. पण चहाचं बघा. सात-आठ म्हणजे लई होतात.

अबोली०७ | सकाळी ११:३०

चहाबद्दल माझा अनुभव. माझाही चहा असाच होता. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही अर्धा पोटात. झोप लागते, पण ती वरवरची. मी चारनंतरचा चहा बंद केला. पहिला आठवडा डोकं इतकं दुखलं की सासूबाई म्हणाल्या, पी बाई एकदाचा. मग सुटला. तीनला मरगळ येते अजूनही, पण मेल्यासारखं होत नाही.

बाय द वे, धोटा, डॉक्टरांनी औषधं विचारली होती. उत्तर राहिलं.

चिमणीआज्जी | दुपारी १:१५

अरे बाळांनो, मी ७६ वर्षांची. नातवाने टायपायला शिकवलंय, चुका पोटात घाला.

आमच्या घरी घड्याळ नव्हतं, गिरणीचा भोंगा होता. सासरे जुन्या गिरणीत. भोंगा झाला की चूल पेटायची. थकलो असं म्हणायची सोयच नव्हती, त्यामुळे कोण थकलंय ते कधी कळलं नाही. माझ्या जावेला दुसऱ्या बाळंतपणानंतर जिना चढताना दम लागायचा. सगळे म्हणायचे आळशी आहे. पुढे दवाखान्यात नेली तर अंगात रक्तच नव्हतं, पांढरी फटक.

मग सासूबाईंनी हळिवाचे लाडू केले, वर लिंबू पिळल्याशिवाय पालेभाजी वाढायची नाही असा नियम केला. लोखंडी कढई होती ती पुन्हा माळ्यावरून खाली काढली. हे सगळं कुठून आलं देव जाणे, पण डॉक्टरनेही तेच सांगितलं, वर गोळ्या दिल्या.

नॉनस्टिक आली आणि कढई पुन्हा माळ्यावर गेली.

वाचनमात्र | दुपारी ३:०३

आज्जींच्या गिरणीवरून आठवलं म्हणून चार वर्षांतला पहिला प्रतिसाद देतो. (तीन वाजून तीन मिनिटं झाली आहेत, मीही बंद पडायच्या बेतात आहे.)

१९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक विचित्र रक्तक्षय दिसत होता: रक्तपेशी कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोह देऊन बरा होईना. बाईंनी जंतू शोधले, सापडले नाहीत. मग त्या बायकांच्या ताटात बघितलं. भाजीपाला, फळं, दूध जवळजवळ नाहीच. परळच्या हाफकिन संस्थेत काम करून त्यांनी दाखवलं की हा आजार खाण्यातल्या उणिवेचा आहे आणि यीस्टचा अर्क, म्हणजे ते ब्रेडला लावायचं काळं मार्माइट, दिलं की या बायका बऱ्या होतात. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. १९४१ मध्ये पालकापासून ते वेगळं काढलं आणि त्याला नाव पडलं फॉलिक ॲसिड. लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान.

आज गरोदर बाईला पहिल्या भेटीत जी गोळी मिळते तिचा उगम आपल्याकडच्या गिरणीतल्या बायकांच्या ताटात आहे.

पूर्वभाग | दुपारी ३:२०

मस्त प्रतिसाद. चार वर्षं का गप्प होता राव?

रात्रपाळी | दुपारी ४:४५

वाचनमात्र, छान. एक पुस्ती जोडतो कारण इथेच लोक फसतात. फॉलिक ॲसिड आणि बी-१२ या दोन्हींच्या कमतरतेत पेशी सारख्याच मोठ्या दिसतात. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. म्हणून अंदाजपंचे गोळ्या नकोत.

बी-१२ ज्वारीत नाही, शेंगदाण्यात नाही, डाळीतही नाही. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच मिळतं. दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागतं, पाव लिटर दुधात साधारण एक. चहातल्या दोन चमचे दुधाने भागत नाही.

धोटा, औषधं?

धोटा_सोलापूर | रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. औषधांचं राहून गेलं. तसं विशेष काही नाही. साखरेची गोळी चालू आहे, सहा-सात वर्षं झाली. मेटफॉर्मिन ५००, दोन वेळा. साखर कंट्रोलमध्ये आहे म्हणून लिहिलं नव्हतं.

कडक_भाकर | रात्री ९:१२

मालक!!! शुगर असताना साखरेची बाटली लावून घेतली?

धोटा_सोलापूर | रात्री ९:१४

त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रात्रपाळी | रात्री ९:३०

आता काय बोलू?

मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, घाबरून बंद करू नका. पण वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ शोषलं जायला अडथळा येतो. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे तो संपेपर्यंत कळत नाही. वर तुम्ही शाकाहारी. उद्याच तपासून घ्या. तळपायाला मुंग्या येतात का? आणि डबा खाल्ल्यावर दोन तासांची साखर बघा. 'कंट्रोल' कधीच्या रिपोर्टवरून म्हणताय?

धोटा_सोलापूर | रात्री ९:४१

मुंग्या येतात. खुर्चीमुळे असतील असं वाटायचं. रिपोर्ट मागच्या दिवाळीचा.

जिमवाला_बब्या | रात्री ९:५५

आणि घोरता का अण्णा? माझ्या काकांना दिवसभर पेंग यायची. झोपेत श्वास अडकत होता, तपासल्यावर कळलं.

धोटा_सोलापूर | रात्री १०:०२

मिसेस म्हणते थोडंफार. पण ती झोपेतच नसते म्हणून तिला ऐकू येतं. आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही पहाटे तीनला. ती उठून मोटर लावते, टाकी भरते, मग तिला परत झोप लागत नाही.

अबोली०७ | रात्री १०:२०

थांबा थांबा.

धोटादादा, राग मानू नका, पण मी हा धागा कालपासून वाचतेय. तुम्ही सोफ्यावर आडवे होता तेव्हा भाकरी कोण थापतं? पहाटे तीनला पाणी कोण भरतं, साडेनऊचा डबा कोण करतं? त्यांना दुपारी तीनला काय होतं, हे कधी विचारलंत का? त्यांचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. तुमचं घर त्यात नाही असं गृहीत धरू नका. मीही त्यातलीच होते. ९.६. 'बायकांना असतंच' हे मला सांगणारीसुद्धा बाईच होती, आणि तीही दवाखान्यातली.

चिमणीआज्जी | गुरुवार, सकाळी ६:०५

अबोली, जिवंत राहा गं.

गुळवेल | सकाळी ८:१५

धागा पुरुषांच्या थकव्यावर होता, असं नम्रपणे नमूद करतो.

अबोली०७ | सकाळी ८:१७

धाग्याच्या नावात 'माणूस' लिहिलंय.

कडक_भाकर | सकाळी ८:१८

🍿

धोटा_सोलापूर | रविवार, रात्री ८:३०

रिपोर्ट आले. दोघांचे. अबोलीताईंचं वाचून बायकोलाही नेलं. ती म्हणत होती, मला कशाला, उगाच खर्च.

माझं: हिमोग्लोबिन १३.४, थायरॉइड बरोबर. बी-१२ १४८, लॅबची खालची मर्यादा २०० च्या आसपास. डब्यानंतरची साखर २४६. म्हणजे 'कंट्रोल' माझ्या डोक्यातच होता.

तिचं: हिमोग्लोबिन ८.९. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, ६. फारच कमी.

डॉक्टरांनी तिला विचारलं, जिना चढताना दम लागतो का? ती म्हणाली, लागतो. कधीपासून? दोन वर्षं. मी शेजारी बसलो होतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. पिण्याच्या पाण्याचे जारही बहुतेक वेळा तीच आणते.

पाळीत रक्तस्राव जास्त होतो हेही मला तिथेच कळलं. त्यासाठी सोनोग्राफी सांगितली आहे.

रात्रपाळी | रात्री ९:१५

दोन्ही बऱ्या होणाऱ्या गोष्टी आहेत. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच करा. मी फक्त लोहाच्या गोळीबद्दल लिहितो, कारण ती कपाटात पडून राहणाऱ्या गोळ्यांत पहिल्या नंबरावर आहे.

चहासोबत नको, जेवणाला लागून चहा तर अजिबात नको. तासभर तरी अंतर. कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळी. लिंबूपाणी किंवा पेरू सोबत चालेल, 'क' जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. शौचाला काळं होईल, घाबरू नये. पोट बिघडलं, मळमळलं तर गोळी सोडू नका, डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. काही अभ्यासांत एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं गेलं. आणि हिमोग्लोबिन वर आलं म्हणून लगेच थांबवू नका, साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

नुसत्या खाण्यावर ८.९ चं १२ होणार नाही. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि भाकरी-भाजीतलं थोडंच अंगी लागतं. हळीव, कढई चालू ठेवा, पण गोळीच्या जोडीला. रक्त कुठून जातंय ते बघणं सगळ्यात आधी.

सांगोलेकर | रात्री ९:४०

वहिनींसाठी डाळिंबाची पेटी पाठवतो. लोह नसलं तर नसू दे. 'क' तर आहे की नाही डॉक्टर?

रात्रपाळी | रात्री ९:४४

आहे, थोडं. पाठवा. मलाही.

धोटा_सोलापूर | पाच आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ७:२०

धागा वर काढतोय, कारण काही जणांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं.

तिचं हिमोग्लोबिन १०.६. सोनोग्राफीत लहान गाठ निघाली, काळजीची नाही म्हणाले, औषध चालू आहे. परवा जिना चढून वर आली आणि दाराशी थांबली नाही, सरळ आत गेली. हे माझ्या लक्षात आलं म्हणजे आधी ती थांबायची. तेव्हा ते दिसलं नव्हतं.

माझी बी-१२ ची इंजेक्शनं झाली, आता गोळी. मुंग्या कमी आहेत, गेल्या नाहीत, वेळ लागेल म्हणाले. साखरेची औषधं बदलली. डब्यात दोनच्या जागी एक भाकरी, उसळ, दही. बब्या, तुझा हिशेब बरोबर होता. जेवल्यावर कारखान्याच्या आवारात दहा मिनिटं चालतो, त्याचा साखरेवर फरक मशीनवरच दिसला. चहा तीनवर आला आहे, चौथ्याशी लढाई चालू आहे.

पाण्याची मोटर आता मी लावतो. त्यामुळे पाण्याच्या दिवशी पहाटे तीनला उठतो आणि दुपारी तीनला पुन्हा बंद पडतो. फक्त आता कारण माहीत आहे.

पुणेरी_पाटी | संध्याकाळी ७:२६

१ ते ४.

जिमवाला_बब्या | संध्याकाळी ७:३१

अण्णा, ती पावडर उरली असेल ना?